बशीतला शेवटचा तुकडा

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारला होता. हे बरं दिसतं, की हे? भिंग पहिलं, की भिंग दुसरं? ठरवायचं ते गिऱ्हाइकाने. त्यामुळे वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्वतःच काहीतरी ठरवून ते घरच्यांना सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांची चांगलीच पंचाईत झाली.

सांगायचं होतं ते काही फार लांबलचक नव्हतं. "मी पुन्हा लग्न करतोय." दुकानात आरसे चिक्कार, त्यामुळे सरावाची सोय उत्तम होती. जाड काळ्या फ्रेममध्ये ते वाक्य कोर्टाच्या निकालासारखं ऐकू येई. बिनफ्रेमच्या चष्म्यात माफीनाम्यासारखं. आणि सोनेरी काड्यांचा चष्मा घातला की नवरदेव स्वतःच्याच लग्नाची वर्गणी मागायला आलाय असं वाटे. शेवटी त्यांनी चष्मा काढून म्हणून पाहिलं, पण मग समोर कोण बोलतंय तेच दिसेना.

ज्यांच्याशी लग्न करायचं होतं त्या बाई मोटार चालवायला शिकवत. सगळे त्यांना गाडीबाई म्हणत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तो त्यांच्या बोलण्यातही आला होता. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसेल असा चष्मा करायला त्या दुकानात आल्या, आणि "हे बरं दिसतं, की हे?" या प्रश्नावर "दोन्ही सारखीच आहेत, उगाच वेळ काढू नका" म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं खरं बोलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. चष्मेवाले तिथेच घसरले.

घरी सांगायचे दोन प्रयत्न झाले होते. पहिल्या वेळी त्यांनी सकाळच्या चहाला "मला एक सांगायचंय" म्हणून सुरुवात केली आणि न्हाणीघरातला नळ गळतोय हे सांगून संपवली. दुसऱ्या वेळी तर नळही गळत नव्हता; तेव्हा तो दुरुस्त झाला, हे सांगितलं.

"दोनदा नापास," गाडीबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला मी पुन्हा शिकवत नाही. तो काही गाडी वाईट चालवत नसतो. त्याला कुठे जायचंच नसतं."

हे त्या हसत म्हणाल्या, पण ब्रेकवर पाय ठेवून म्हणाल्या. चष्मेवाल्यांना कळलं की या खेपेला सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेपलीकडून ती गाडी न थांबता निघून जाईल.

जागा गाडीबाईंनीच सुचवली. एक लहानसं पोर्तुगीज हॉटेल. "तिथे प्रत्येकाला वेगळं ताट नसतं. मध्ये एक बशी येते, सगळ्यांनी त्यातूनच खायचं. एका बशीत हात गेले की माणसं जरा मऊ होतात. तुम्ही गोड आल्यावर सांगा. तोंड गोड असताना कुणी फार कडू बोलत नाही, आणि पोट भरलेलं असलं की तडकाफडकी उठून जाणंही जड जातं. मी खिडकीपाशी बसलेली असेन. तुमचं सांगून झालं की येईन."

योजना निर्दोष होती. फक्त चष्मेवाल्यांच्या घराची रीत बाईंना ठाऊक नव्हती, आणि चष्मेवाल्यांना ती सांगायचं सुचलं नव्हतं. माणूस स्वतःच्या नाकावरचा चष्मा जसा विसरतो, तसं.

रीत अशी होती, की या घरात शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नाही. चष्मेवाल्यांची पत्नी होती तेव्हा ती सगळ्यांना वाढून मागाहून बसे, म्हणून शेवटचा तुकडा तिच्यासाठी ठेवायचा. ती म्हणे, "मला नको, भूकच नाही." मग घरातल्यांचे डोळे तिच्या त्यागाने पाणावत. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी तुकडा राहतच होता. फ्रीज उघडला की आत छोट्या छोट्या डब्या: एकीत एक बटाटा, एकीत माशाचा एक काप, एकीत केकचा एक कोपरा. बाहुल्यांची खानावळ चालवावी तसा तो फ्रीज होता.

तर संध्याकाळी चौघं हॉटेलात शिरले. चष्मेवाले, त्यांच्या थोरल्या बहीण ताई, मुलगा आणि सून.

मुलगा इमारतींमधल्या आगीच्या बंदोबस्ताचा तपासनीस होता. तो कुठेही गेला की माणसांआधी संकटकाळी बाहेर पडायचं दार शोधे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही त्याची नजर दारावर होती, आणि सुनेच्या माहेरी त्याचा वेगळा अर्थ काढला गेला होता. इथेही त्याने नजरेनेच निळ्या फरशांची भिंत, जहाजांचे फोटो, बाटल्यांची बुचं भरलेली काचेची बरणी, सगळं ओलांडून दार गाठलं आणि मगच खुर्ची ओढली.

खिडकीपाशी गाडीबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं नाही. फक्त टेबलावर एक बोट डावीकडे सरकवलं. इंडिकेटर.

वेटर आला. मिशाळ आणि दमलेला. "आमच्याकडची पद्धत सांगतो. एक बशी रिकामी झाली की पुढची येते. रिकामी झाल्याशिवाय आतून काही सुटत नाही. टेबलं बघताय ना, दोन बश्या ठेवल्या तर कोपर मांडीवर ठेवावं लागेल. आणि माणसं जितकी, त्याहून एक नग जास्त असतो."

"तो का म्हणून?" ताईंनी विचारलं.

"मालकीणबाई म्हणतात, मोजून वाटून झालं तर ते रेशन. एक उरला पाहिजे, तर गंमत."

पहिली बशी यायच्या आधीच चष्मेवाल्यांना शेवटची दिसेनाशी झाली.

खारवलेल्या माशाचे आणि बटाट्याचे तळलेले गोळे आले. पाच. गरम, खुसखुशीत, तोंडात टाकताच डोळे मिटावेत असे. चौघांनी एकेक घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि बशीत एक गोळा राहिला.

"घ्या ना आत्या," मुलगा म्हणाला.

"मला कुठे आता जातंय. सूनबाईला दे."

"मी आत्ताच घेतला की. बाबा घेतील."

"नको नको, मला जळजळतं," चष्मेवाले म्हणाले. त्यांना काहीही जळजळत नव्हतं. पण गेली सहा वर्षं ते हेच म्हणत आले होते, आणि सवयीचं वाक्य सत्याच्या आधी तोंडात येतं.

बशी टेबलाला एक प्रदक्षिणा घालून मूळ जागी आली. सून त्या गोळ्याकडे बघत राहिली. तिच्या माहेरी शेवटचा तुकडा ज्याचा हात लांब त्याचा. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने शेवटचा बटाटा उचलला होता, आणि तेव्हा घरात जी शांतता पसरली, तिच्यानंतर तिने हात आखूड केला तो केलाच.

वेटर आला, बशीत डोकावला, गेला. पुन्हा आला. "आवडलं नाही का?"

"फार आवडलं," ताई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? आवडलं म्हणून सांगितलं ना."

तपासनिसाने मार्ग काढला. त्याने सुरीने गोळ्याचे चार भाग केले, आखून घेतल्यासारखे. तिघांनी आपापला भाग उचलला, आणि ताईंच्या लक्षात आलं की बशीतला त्यांचा भाग आता शेवटचा आहे. त्यांनी हात मागे घेतला. मग त्याचे पुन्हा चार झाले. त्या चारातला एक राहिला, त्याचेही झाले. असं करत करत बशीत जे उरलं, त्याकडे ताईंनी चष्मा कपाळावर चढवून निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "हा आता तुकडा नाही. हा चुरा."

चुऱ्याला रीत लागू नव्हती. बशी निघाली.

तोवर खिडकीपाशी गाडीबाईंची तिसरी बशी आली होती. एकट्या माणसाला दोनच नग, आणि दुसरा कुणाचा हा प्रश्न नाही. मातीच्या लांबट भांड्यात सॉसेज, खाली दारू, आणि वेटरने त्यावर काडी लावली. भपकन निळी ज्वाळा उठली.

मुलगा कधी उठला ते कुणाला दिसलंच नाही. त्याने आपला रुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवला, तीन ढांगांत खिडकी गाठली आणि तो भांड्यावर अंथरला. फुस्स झालं.

"बाई, मागे सरका," तो म्हणाला.

"मागे भिंत आहे," गाडीबाई म्हणाल्या. "आणि हे पेटवूनच देतात, बाळा."

मुलाच्या कानांचे शेंडे लाल झाले. "मला वाटलं..."

"वाटलं ते बरोबरच वाटलं. आग ती आगच. पण हात चांगला आहे हं तुझा. आरडाओरडा नाही, धावपळ नाही, एका दमात काम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत असा शंभरात एक नसतो."

मुलगा परत येऊन बसला. "बाई बऱ्या आहेत," तो पुटपुटला. "नाहीतर लोक किती तमाशा करतात."

चष्मेवाल्यांना पहिल्यांदाच जरा आशा वाटली. तेवढ्यात त्यांची दुसरी बशी आली: निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या, वर जाड मीठ आणि लिंबू. पाच.

चार गेल्या. एक राहिली. ती बशीत आडवी पडून एका डोळ्याने चष्मेवाल्यांकडे बघत होती.

"हिचे चार भाग होतील?" सुनेने आशेने विचारलं.

"काट्यासकट? आणि एकाच्या वाट्याला नुसतं डोकं येणार, ते कुणाला देतेस?" ताई म्हणाल्या. "माशाचा असला अपमान मी होऊ द्यायची नाही."

वेटर आला. गेला. पुढच्या खेपेला तो आलाच नाही, लांबूनच मान उंचावून बघून गेला. मालकीणबाईंनीही एकदा आतल्या दारातून डोकं बाहेर काढून पाहिलं.

चष्मेवाल्यांनी हिशेब केला. तारलीनंतर सॉसेज, मग गोड. ही तारली हलली नाही तर गोड येणार नाही. गोड आलं नाही तर सांगता येणार नाही. एका माशाने त्यांचं लग्न अडवून धरलं होतं. खिडकीकडे पाहिलं, तर गाडीबाईंसमोर चक्क कस्टर्डचे टार्ट आले होते. त्यांनी एक खाल्ला, चष्मेवाल्यांकडे पाहिलं, आणि भुवया उंचावल्या. सिग्नल हिरवा झालाय, मागचे हॉर्न वाजवताहेत, असा त्या भुवयांचा अर्थ होता.

"मला एक सांगायचंय," चष्मेवाले म्हणाले.

"थांब जरा, बाळू," ताई म्हणाल्या. घरात त्यांना बाळू म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि त्या हाकेसरशी चष्मेवाले आठ वर्षांचे होत. "गोड आल्यावर सांगेन म्हणालास ना घरी? मग गोड येऊ दे. अर्ध्या बशीवर मोठ्या गोष्टी काढू नयेत."

"पण ताई, गोड येणारच नाही."

"का नाही येणार?"

"कारण ही तारली कुणी खाणार नाही."

"मग खा ना तू."

"तूच खा."

"मला कुठे आता जातंय."

"बाबा दुकान बंद करणार असतील," मुलगा हळूच सुनेला म्हणाला. "तेच सांगायचं असेल. मी समजून घेईन." सून तारलीकडे बघत होती.

खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गाडीबाईंनी पर्स खांद्याला लावली. दरवाजा डावीकडे होता, त्यांचं टेबल उजवीकडे. बाई क्षणभर मध्येच थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं, जसं चौकात पाहतात, आणि उजवीकडे वळल्या.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. बाजूच्या टेबलाची रिकामी खुर्ची त्यांनी ओढून घेतली. "तुमची आग विझवून झाली असेल तर बसते जरा. हा मासा कुणाचा?"

चौघांनी बशीकडे पाहिलं.

"कुणाचाच नाही? गार होतोय बिचारा."

आणि त्यांनी तारली उचलली. शेपटीकडून धरून सगळा काटा एका ओढीत बाहेर काढला, गाडीतून चावी काढावी तसा, लिंबू पिळलं आणि चार घासांत मासा संपवला. मग बोटं पुसली आणि मान वर केली, तेव्हा समोर तीन माणसं पुतळ्यासारखी बसली होती. चौथी, म्हणजे सून, त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत होती.

"तो आईचा होता," मुलगा म्हणाला. आवाज अगदी बारीक आला, बत्तीस वर्षांच्या माणसाचा न वाटण्याइतका.

गाडीबाईंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "हेही सांगितलं नाहीत?"

हे'ही'. ताईंनी कान टवकारले. मुलाने आधी बाईंकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि दुकान बंद होत नसल्याचं त्याला उमगू लागलं.

आता पहिलं भिंग की दुसरं, असा प्रश्नच नव्हता. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. समोरचे सगळे चेहरे पुसट झाले आणि तेवढ्यानेच त्यांना बोलता आलं.

"तो आईचा नव्हता," ते म्हणाले. "तुझी आई शेवटी जेवायची नाही रे. पहिली जेवायची."

"काय?"

"तळताना. पहिला घाणा कढईतून निघाला की चुलीपाशी उभ्याउभ्याच. सगळ्यात कुरकुरीत तुकडे वेचून. स्वयंपाकघराचं दार पायाने लोटून घ्यायची. मी एकदा पाणी प्यायला आत गेलो आणि पकडली. तिने मला दुसरा तुकडा दिला, कुणाला सांगू नकोस म्हणून. मग मला रोजच तहान लागायला लागली." ते जरा थांबले. "म्हणून ती म्हणायची, मला भूक नाही. खरंच नसायची. शेवटचा तुकडा तिला दिसला तरी नको व्हायचा. तुम्ही इतके डोळे भरून तिच्याकडे बघायचात, की तिला हसू दाबायला आत जावं लागायचं."

मुलगा ताईंकडे वळला. "आत्या, हे खोटं आहे ना?"

ताई टेबलावरचा कागद नखाने खरवडत होत्या. "मला तिसरा मिळायचा," त्या म्हणाल्या.

"आत्या!"

"अरे, मी जिरं मागायला जायचे."

"म्हणजे मी एकटाच?" मुलगा म्हणाला. "मी शाळेत असल्यापासून उपाशी उठतोय. वाढीच्या वयात!"

"आणि मी पुन्हा लग्न करतोय," चष्मेवाले म्हणाले. एका वाक्याला दार उघडलं की मागून दुसरंही घुसतं, तसं ते आलं. "यांच्याशी. हे गोड आल्यावर सांगायचं होतं. पण गोड येईना."

"उशिरा, पण पास," गाडीबाई हळूच म्हणाल्या.

मुलगा उठला. हॉटेलच्या मागच्या बाजूला गेला. चष्मेवाल्यांनी चष्मा घातला आणि पाहिलं: तो संकटकाळी बाहेर पडायच्या दारापाशी उभा होता. त्याने दांडा दाबला, दार उघडलं. बाहेर गल्ली दिसली, दोन कचऱ्याचे डबे, एक सायकल. तो बराच वेळ त्या गल्लीकडे बघत उभा राहिला. जाईल? गेला तर आग नसताना त्या दाराने बाहेर पडणारा तो पहिलाच माणूस असेल.

मग त्याने दार ओढून घेतलं, पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि परत येऊन बसला.

"दार नीट उघडतं," तो म्हणाला.

तेवढ्यात वेटर धावत आला. रिकामी बशी त्याने अशी उचलली, जसं कुणी बाळंतिणीचं पोर उचलतं. मागोमाग सॉसेज आलं, भपकन पेटलं. सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ज्वाळा आपोआप विझेपर्यंत दम धरला.

"गाडी कोणती चालवता तुम्ही?" त्याने गाडीबाईंना विचारलं. "आग विझवायचं सिलिंडर आहे का त्यात?"

"आहे. सीटखाली."

"तारीख बघितलीय?"

"दर सहा महिन्यांनी."

मुलाने मान हलवली. तपासणीतला एक मुद्दा बरोबर झाला होता. पुढचे कितीतरी बाकी असावेत, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

सॉसेजचे तुकडे चौघांच्या हिशेबाने पाचच होते आणि खाणारे आता पाच, म्हणून उरलं काहीच नाही. शेवटी गोड आलं. कस्टर्डचे टार्ट, वरून करपलेले, दालचिनी भुरभुरलेले. वेटरने आता पाच माणसं मोजली होती, त्यामुळे टार्ट सहा होते. पाच गेले. सहावा उरला.

सवय म्हणून सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग मुलाने हात पुढे केला आणि एका बोटाने बशी गाडीबाईंकडे सरकवली. त्यांच्याकडे न बघता, जणू मीठ सरकवतोय असं.

"घ्या," तो म्हणाला. "शेवटचा आहे."

चष्मेवाल्यांना चष्मा पुसावासा वाटला, पण ते हललेच नाहीत.

"नको रे," गाडीबाई म्हणाल्या. "मला भूकच नाही."

मुलाचा चेहरा बदलला. "म्हणजे?"

"खिडकीपाशी दोन खाऊन आलेय. तुमची तारली हलेपर्यंत करायचं काय बसून?"

"आधीच?" ताईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरून पाहिलं.

"आधीच."

"गुपचूप?"

"अगदी गुपचूप."

ताईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने वडिलांकडे. चष्मेवाल्यांनी जहाजांच्या फोटोंकडे पाहिलं. मग मुलाच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसू आहे हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला, कारण त्याला स्वतःलाही लागला.

"चालेल, बाळू," ताई म्हणाल्या. "घरातलीच दिसते."

मुलाने डोळे पुसले आणि बशी पुन्हा मध्ये ओढली, आता हा आपणच खावा असं म्हणत. पण बशी रिकामी होती. चौघांनी एकदमच मान वळवली. सुनेचे दोन्ही गाल फुगलेले होते आणि ओठाला दालचिनी लागली होती.

तिने सावकाश चावून गिळलं. पाणी प्यायली.

"काय?" ती म्हणाली. "चार वर्षं थांबले मी."